पान निळे झाले नाही तर?

प्रात्यक्षिक परीक्षेला आठ-दहा दिवस उरले की माध्यमिक शाळांच्या प्रयोगशाळेत एक ठरावीक दृश्य दिसते. मुले जर्नल उघडून हेतू, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान असे एकापाठोपाठ एक घोकत असतात आणि उपकरणे कपाटात बंद असतात. उजळणी म्हणजे पाठांतर, असे आपण सर्वांनीच गृहीत धरले आहे. आम्हीही शाळेत हेच केले, तेव्हा दोष एकट्या मुलांना देता येणार नाही.

काही वर्षांपूर्वी जीवशास्त्राच्या अशाच एका सराव परीक्षेला पाहुणे म्हणून जाण्याचा योग आला. शाळा सकाळच्या सत्रातली, महिना फेब्रुवारीचा. प्रयोग होता हिरव्या पानात स्टार्च असल्याचे दाखवण्याचा. एका मुलीने सारी कृती नेटकेपणाने केली होती आणि ‘पान निळे-काळे झाले’ असे निरीक्षणही लिहिले होते. बशीतले तिचे पान मात्र तपकिरी-पिवळे होते. कडेला कुठे निळसर झाक असेल तेवढीच. आम्ही बोट दाखवले तेव्हा ती गोंधळून म्हणाली, “सर, निळे नाही लिहिले तर मार्क जातील ना?”

तिचे पान चुकलेले नव्हते. ते आवारातील जास्वंदीचे, सकाळी साडेसातला तोडलेले होते. दिवसा पानात साठलेला स्टार्च रात्री तसाच पडून राहत नाही. त्याची साखर होऊन ती पानाच्या श्वसनासाठी वापरली जाते आणि झाडाच्या इतर भागांकडेही जाते. पहाटेपर्यंत साठा बराच ओसरलेला असतो आणि साडेसातला जेमतेम ऊन आलेले असते. तिच्या पानाने रात्रीचा हिशेब खरा सांगितला होता. जर्नलमधले वाक्य मात्र भर दुपारच्या पानाचे होते. बाईंनी त्याच झाडाचे पान शाळा सुटताना, बारा वाजता तोडून तपासले. ते गडद निळे-काळे झाले.

प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगात झाड आधी २४ ते ४८ तास अंधारात ठेवण्याची सूचना का असते, हे या दोन पानांवरून सहज समजावता येते. जुना साठा राहिला तर रंग आजच्या उन्हाचा की कालच्या, हे कळणार नाही. आणि तो साठा संपायला एक रात्र प्रत्येक झाडाला पुरतेच असे नाही. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ युलिउस झाक्स यांनी १८६०च्या दशकात पानाचा काही भाग झाकून हाच विचार वापरला होता. उजेडातल्या भागात आयोडीनने रंग आला, झाकलेल्या भागात नाही.

उजळणीसाठी आम्ही सुचवतो ती रीत साधी आहे. प्रत्येक पायरीपुढे ‘हे केले नाही तर?’ असे विचारायचे. पान आधी पाण्यात उकळले नाही तर? पेशी जिवंत राहतील, त्यांची पटले शाबूत राहतील आणि अल्कोहोल व आयोडीन आत नीट शिरणार नाहीत. अल्कोहोल वगळले तर? हरितद्रव्य पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे हिरव्यावर निळा रंग ओळखणे कठीण. अल्कोहोल सरळ बर्नरवर ठेवले तर? ते सुमारे ७८ अंश सेल्सिअसला उकळते आणि त्याची वाफ पेट घेते, म्हणून गरम पाण्याच्या चंचुपात्रात परीक्षानळी धरायची आणि ज्योत आधी विझवायची. (येथे उत्तरापेक्षा सवय महत्त्वाची, ही एकच पायरी मुलांकडून प्रत्यक्ष करून घेतली तरी चालेल.) शेवटी पान पुन्हा गरम पाण्यात बुडवले नाही तर? ते अल्कोहोलमुळे कडक झालेले असते, पसरताना मोडेल.

काळ्या कागदाच्या पट्टीचा प्रश्न यापेक्षा अवघड आणि म्हणूनच अधिक मोलाचा. पानावर दोन्ही बाजूंनी कागद लावला की प्रकाश अडतो, पण हवाही अडते. मग रंग न येण्याचे कारण अंधार की कार्बन डायऑक्साइडचा अभाव? मुले थोडा वेळ गप्प बसतात. मग कोणीतरी म्हणते, दुसऱ्या पानावर तेवढीच पारदर्शक पट्टी लावू. तिच्याखालचा भाग निळा झाला, तर हवेची शंका मिटली. तुलनेचा प्रयोग म्हणजे काय, हे व्याख्या पाठ करून इतके कळत नाही.

अंकुरित हरभऱ्याच्या श्वसनाच्या प्रयोगात उकळलेले हरभरे तुलनेसाठी ठेवतात, ते याच कारणाने. पण दोन दिवसांत त्यांच्यावर बुरशी धरली, तर बुरशीही श्वसन करते आणि मेलेल्या हरभऱ्यांच्या नळीतही कार्बन डायऑक्साइड सापडतो! उकळलेल्या दाण्यांना जंतुनाशक का लावायचे, हे मग वेगळे सांगावे लागत नाही. बटाट्याच्या परासरणाच्या प्रयोगातही उकडलेला बटाटा घेऊन पाहावा. मेलेल्या पेशींची पटले निवड करू शकत नाहीत, म्हणून साखरेच्या पाण्याची पातळी तशी चढत नाही.

या रीतीला वेळ फार लागतो, अशी तक्रार आम्ही ऐकली आहे. चार प्रयोगांना मिळून दोन तासिका पुरतात, असा आमचा अनुभव आहे. सगळी कृती पुन्हा करायची नसतेच; एखादी पायरी मुद्दाम वगळून एकाच गटाने प्रयोग करायचा आणि बाकीच्यांनी काय होईल ते आधी वहीत लिहायचे.

गुणांचा प्रश्न उरतोच. अपेक्षित रंग आला नाही तर मुलाने काय लिहावे? दिसले तेच लिहावे आणि त्याखाली एका ओळीत संभाव्य कारण द्यावे. सराव परीक्षा आपल्याच हातात असते. तिथे अशा उत्तराला पूर्ण गुण देऊन टाकावेत. त्या बाईंनी तसे दिले. मुलीने ‘निळे-काळे’ खोडून ‘तपकिरी-पिवळे’ लिहिले आणि पुढे कंसात पान तोडल्याची वेळ घातली.