भंगारातून घडलेला दागिना

सोन्याचा भाव चढला की गिऱ्हाईक पाठ फिरवते आणि कारागिराचे हात रिकामे राहतात. दागिन्याची किंमत म्हणजे त्याचे वजन, असे आपण धरून चालतो, त्याचा हा परिणाम. वजनाविना दागिन्याला मोल येते काय? अमेरिकेतील सिअॅटल शहरच्या रमोना सोलबर्ग यांनी ते आणून दाखविले. म्हणून त्यांची माहिती आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

सोलबर्गबाईंचा जन्म १९२१ चा. दुसऱ्या महायुद्धात त्या लष्कराच्या महिला दलात होत्या. पुढे मेक्सिको व नॉर्वे येथे कारागिरी शिकून त्यांनी वॉशिंग्टन विद्यापीठात १९८३ पर्यंत अध्यापन केले. प्रवासाची त्यांना मोठी हौस. ठिकठिकाणचे जुने मणी, बटणे, डॉमिनोच्या सोंगट्या, मोजपट्टीचे तुकडे त्या जमवीत आणि चांदीत बसवीत. त्यांचा १९६८ सालचा 'शामन्स नेकलेस' हा हार १९६९ च्या 'ऑब्जेक्ट्स : यूएसए' या गाजलेल्या हस्तकला प्रदर्शनात मांडला गेला. १९७२ साली पुस्तक लिहून त्यांनी आपली रीत सर्वांना खुली केली. २००५ साली त्यांचे निधन झाले.

या कामाची मेख अशी : हाड, लाकूड, प्लॅस्टिक यांना आच सोसत नाही. म्हणून चांदीला डाग देण्याचे काम आधी उरकावे लागते. मग वस्तू कोंदणात ठेवून कड दाबायची किंवा भोक पाडून रिव्हेट ठोकायचा. शिवाय दागिना अंगावर सुखाने वागवता आला पाहिजे, याकडे सोलबर्गबाईंचा कटाक्ष असे. टोचणारा, मान ओढणारा हार कितीही नवलाचा असला तरी पेटीतच पडून राहतो.

आता हिशेबाचे. अशा मालात कच्चा माल थोडा आणि डोके व हात जास्त. तेव्हा तोळ्यावर मजुरी धरली तर कारागीर बुडालाच! किती तास लागले आणि नमुना कोणाचा, यावर दाम ठरला पाहिजे.

आपल्या प्रत्येक कारखान्यात उरल्यासुरल्या मण्यांचा, मोडक्या बटणांचा एखादा डबा असतोच. कारागीर बंधूंनी तो एकदा उघडून एक नग करून पाहावा. मात्र तो विकताना तराजू बाजूला ठेवावा, एवढेच आमचे सांगणे.