फोटोतला पक्षी ओळखताना

टिटवी कोणाला ठाऊक नाही? आमच्या घरात तिला टिटहरी म्हणत, शेजारी टिटवी. पण तिच्या कलकलाटाबद्दल दोन्ही घरांचे एकमत होते. तिच्याच गोतातले, काठाच्या चिखलात चोच खुपसत फिरणारे लहान पक्षी मात्र आपल्याला सारखेच वाटतात. पाठ मातकट, पोट पांढरे, झाले! जळगाव जिल्ह्यात तापीवरचे हतनूर धरण असो की धुळ्याजवळचा नकाणे तलाव, हिवाळ्यात पाणी ओसरले की हे पाहुणे उतरतात. त्यांतले कित्येक उत्तर युरोप आणि सायबेरियाकडून येतात.

हल्ली त्यांचे फोटो मोबाइलवर येतात आणि खाली प्रश्न असतो, ‘हा कोण?’ रेडिओवरून फोटो दाखवता येत नाही. पण काय पाहायचे ते सांगता येते.

तीन तुतवार घ्या. खांद्यापाशी, पंखाच्या पुढून पोटाचा पांढरा रंग वर घुसलेला दिसला, तर तो सामान्य तुतवार. पाठीवर ठळक ठिपके, पाय पिवळसर आणि पांढरी भुवई डोळ्याच्या मागेपर्यंत गेलेली, तो ठिपकेवाला तुतवार. पाठ गडद, ठिपके बारीक आणि भुवई डोळ्यापाशीच थांबलेली, तो हिरवा तुतवार. उडतानाचा फोटो असेल तर काम सोपे होते. हिरव्या तुतवाराच्या पंखाची खालची बाजू काळपट, ठिपकेवाल्याची फिकट असते.

टिलवे तर चिमणीएवढे. छोट्या टिलव्याचे पाय काळे, टेमिंकच्या टिलव्याचे पिवळसर. आणि छोट्या कंठेरी चिखल्याच्या डोळ्याभोवतीचे पिवळे कडे एकदा पाहिले की विसरत नाही.

पण फोटोही फसवतो. चिखलाने माखलेले पिवळे पाय काळे दिसतात, सायंकाळच्या उन्हात पांढरे पोट पिवळे होते. आकार तर एकट्या पक्ष्याच्या फोटोत कळतच नाही. शेजारी लांब गुलाबी पायांचा शेकाट्या उभा असेल तरच अंदाज येतो. शेपटी सतत हलवण्याची सामान्य तुतवाराची सवय फोटोत थिजून जाते, आवाज तर नाहीच. म्हणून एका खुणेवर नाव ठेवू नये. दोन-तीन खुणा जुळाव्यात. एकाच पक्ष्याचे चार फोटो एका देखण्या फोटोपेक्षा मोलाचे.

नावाचा एवढा आग्रह कशाला, असे कोणी विचारील. १९८७ पासून दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. वर्षानुवर्षांचे आकडे शेजारी ठेवले की कोणती जात घटते आहे ते उमगते. आपण हिरव्याला ठिपकेवाला लिहीत राहिलो, तर हिरवा यायचा थांबला तरी कागदावर कळणार नाही. जो नोंदीतच नाही, त्याच्यासाठी चिखलाचा काठ राखा म्हणून कोण भांडणार? आणि हा काठ म्हणजे त्यांचे ताट. अळ्या, किडे, गोगलगायी त्यांना तिथेच मिळतात.

कवितेत नेमका शब्द सापडेपर्यंत जागा रिकामी ठेवावी लागते. इथेही तेच. खुणा जुळल्या नाहीत तर वहीत ‘तुतवार, जात अनिश्चित’ असे लिहावे. ती नोंदही खरीच असते, आणि पुढच्या रविवारी पुन्हा तलावावर जायला कारण मिळते.