डिझेलचा दर आणि मालमोटारीचे भाडे

दिल्लीहून जयपूरकडे निघालेला महामार्ग गुरुग्राम शहराच्या मध्यावरून जातो. गुडगावचे गुरुग्राम २०१६ साली झाले. या रस्त्याचा क्रमांकही बदलला असून पूर्वीच्या आठाचा आता अठ्ठेचाळीस झाला आहे. हाच रस्ता पुढे अहमदाबाद, मुंबई, पुणे, सातारा, बेळगाव असा थेट चेन्नईपर्यंत पोहोचतो. मी मूळचा सातारकडचा. त्यामुळे नोकरीनिमित्त इथे राहावयास आल्यापासून गावाकडचा रस्ता आपल्या दारावरूनच जातो आहे, असे एक भाबडे समाधान मला वाटत आले आहे.

दिवसा दिल्लीत अवजड वाहनांना प्रवेश नसतो. म्हणून संध्याकाळी मालमोटारींची लांबच लांब रांग रस्त्याच्या कडेला विसावलेली दिसते. एप्रिल २०२२ मधल्या अशाच एका संध्याकाळी मानेसरच्या पुढे बिलासपूरच्या बाजूस एका ढाब्यावर मी चहाला थांबलो होतो. समोर पिंपरी-चिंचवडची पाटी असलेली मालमोटार उभी होती. चाकणच्या कारखान्यांतून मोटारींचे सुटे भाग घेऊन ती मानेसरला आली होती आणि परतीच्या मालाची वाट पाहत तिचा दुसरा दिवस चालला होता. चालक मराठी, आणि गाडी त्याची स्वतःची. मराठी कानावर पडताच तो मोकळेपणाने बोलू लागला.

"साहेब, फेरीला सगळा खर्च जाऊन चार-साडेचार हजार सुटायचे. आता हजार सुटतो. गाडीचा हप्ता कुठून भरू सांगा."

"मग तुम्ही भाडे वाढवून का मागत नाही?" मी विचारले.

"मागितलं की मागं दुसरी गाडी उभीच असते," तो म्हणाला.

अर्थशास्त्र हा माझा एम.ए.चा विषय होता. पण मागणी आणि पुरवठा यांचे नाते इतक्या थोड्या शब्दांत मला कोणी सांगितले नव्हते.

त्या वेळी घडले होते ते असे. नोव्हेंबर २०२१ पासून साडेचार महिने पंपावरचा दर हलला नव्हता. (त्या स्थैर्याची कारणे सांगत बसणे माझ्या पेशाला शोभणार नाही.) दरम्यान युक्रेनमध्ये युद्ध सुरू झाले आणि खनिज तेल जगभर कडाडले. आपण आपल्या गरजेच्या पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक खनिज तेल बाहेरून आणतो; तेव्हा हा भडका आपल्या दारी येणारच होता. २२ मार्च ते ६ एप्रिल २०२२ या सोळा दिवसांत दर चौदा वेळा वाढला. दिल्लीत ८६ रुपये ६७ पैशांना मिळणारे डिझेल ९६ रुपये ६७ पैशांवर गेले. लिटरमागे बरोबर दहा रुपये!

आता हे दहा रुपये कोठे जातात ते पाहू. चाकण ते मानेसर अंतर सुमारे चौदाशे किलोमीटर. भरलेली मोठी मालमोटार लिटरमागे चार किलोमीटर चालते असे धरले, तर एका खेपेला साडेतीनशे लिटर डिझेल लागते. म्हणजे एका बाजूच्या प्रवासात साडेतीन हजारांची वाढ. त्या चालकाचा हिशेब चोख होता.

हीच वाढ ग्राहकाच्या अंगाने मोजली, तर मात्र चित्र अगदी निराळे दिसते. नाशिकचा कांदा घ्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारने नाशिकचा कांदा आगगाडीने दिल्लीस आणला, तेव्हा तुलनेसाठी दिलेले आकडे असे होते : ५६ मालमोटारींचा माल रस्त्याने आणण्यास ८४ लाख रुपये आणि रेल्वेने ७० लाख २० हजार. रस्त्याचा खर्च गाडीमागे दीड लाख पडला. गाडीत तीस टन माल धरला, तर किलोमागे भाडे पाच रुपये. आता डिझेल दहा रुपयांनी महागले, आणि नाशिक-दिल्ली प्रवासाला सव्वातीनशे लिटर लागले असे समजा. सव्वातीन हजार रुपये तीस हजार किलोंत वाटून पाहा. किलोमागे अकरा पैसेही होत नाहीत.

अकरा पैसे! गुरुग्रामच्या खांडसा मंडईत कांद्याचा भाव चार रुपयांनी वाढला आणि भाजीवाल्याने "डिझेल महागलं ना" असे सांगितले, तर त्यातले फार थोडे खरे मानावे. नांगरणीच्या ट्रॅक्टरला, विहिरीवरच्या इंजिनाला, गावापासून बाजार समितीपर्यंतच्या टेम्पोला आणि घाऊक बाजारातून किरकोळ दुकानापर्यंतच्या छोट्या गाडीलाही इंधन लागते हे मान्य. हे सारे पैसे साचत जातात. तरीही चार रुपयांपर्यंत ते पोहोचत नाहीत. जी रक्कम ग्राहकाच्या पिशवीत जाणवतही नाही, तीच एका गाडीच्या मालकाचे सारे उत्पन्न असते. ती ग्राहकाकडून घेऊन त्याच्यापर्यंत पोहोचवणे अवघड नाही. पण मधल्या साखळीत कोणालाही तशी निकड वाटत नाही.

मोठे कारखाने वाहतूक कंत्राटदारांशी करार करताना डिझेलच्या दराप्रमाणे भाडे बदलण्याचे कलम घालतात. ते कलम कंत्राटदारापाशी थांबते. त्याच्या हाताखाली ज्यांच्या गाड्या चालतात, ते बहुतेक एक-दोन गाड्यांचे धनी. त्यांचा व्यवहार दलालाच्या तोंडी शब्दावर. परतीचा माल मिळाला नाही, तर चौदाशे किलोमीटर रिकामी गाडी हाकावी लागते. म्हणून मिळेल त्या भाड्याला ते होकार देतात. मग तोटा भरून काढायचा कसा? कोणी जादा माल भरतो, कोणी घासलेल्या टायरवर आणखी एक फेरी काढतो, कोणी सोबतचा क्लीनर कमी करून एकटाच रात्रभर जागतो. डिझेलच्या दरवाढीची ही किंमत कोणत्याही निर्देशांकात दिसत नाही.

याच्या उलट आमच्या वस्तीतला अनुभव सांगतो. गुरुग्रामच्या उंच इमारतींत वीज गेली की उद्वाहने आणि दिवे डिझेलच्या जनित्रावर चालतात. ऑक्टोबर २०२३ पासून प्रदूषणापायी राजधानी परिसरात जनित्रांवर निर्बंध आले, त्यापूर्वी हा वापर सर्रास होता. डिझेल महागले की पुढच्याच महिन्याच्या देखभाल बिलात जनित्राच्या युनिटचा दर वाढून येई आणि आम्ही थोडे कुरकुरून तो भरत असू. आमच्या जनित्राच्या डिझेलला जे बिल होते, ते चालकाच्या डिझेलला नव्हते.

दर ठरतो कसा, हेही थोडक्यात सांगितले पाहिजे. पेट्रोलचा दर जून २०१० मध्ये आणि डिझेलचा ऑक्टोबर २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त झाला. जून २०१७ पासून तो रोज बदलण्याची पद्धत आली. परंतु त्यात केंद्राचे उत्पादनशुल्क आणि राज्याचा मूल्यवर्धित कर मिसळलेला असतो. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला, राज्यांच्या हद्दींवरचे करनाके उठले आणि वाहतूकदारांचे कित्येक तास वाचले. पेट्रोल-डिझेल मात्र त्या कराबाहेरच राहिले. २०२० साली टाळेबंदीत तेल जगभर मातीमोल झाले, तेव्हा मे महिन्यात डिझेलवरील केंद्राचा कर लिटरमागे तेरा रुपयांनी वाढला. स्वस्ताई तिजोरीत जमा झाली. त्या पैशाची सरकारला तेव्हा निकड होती हे मी जाणतो. परंतु ज्याच्या टाकीतून तो आला त्याची निकडही काही कमी नव्हती. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये दहा आणि मे २०२२ मध्ये सहा रुपये कर उतरला.

जुलै २०१८ मध्ये वाहतूकदारांनी आठ दिवस देशव्यापी संप केला. त्यांच्या मागण्यांत एक लक्षात ठेवण्याजोगी होती : दर रोज न बदलता तीन महिन्यांनी बदलावा. भाडे ठरवताना उद्याचा दर ठाऊक असावा, एवढीच अपेक्षा तीत होती.

लांबचा माल रेल्वेवर नेणे हा एक उपाय आहे. कोकण रेल्वेने १९९९ मध्येच भरलेल्या मालमोटारी आगगाडीवर चढवून नेण्याची सोय कोलाड-वेर्णा मार्गावर सुरू केली. मानेसरच्या मोटारकारखान्यातही २०२५ मध्ये रूळ आले. हे इष्टच आहे. पण रेल्वेने वाचवलेले डिझेल देशाचे वाचते; ज्याच्या गाडीचे हप्ते अजून फिटायचे आहेत, त्याला त्या रुळांमुळे माल आणखी कमी मिळणार, हेही त्याच हिशेबात धरावे लागेल.

त्या संध्याकाळी त्याला अखेर परतीचा माल मिळाला, अर्ध्या गाडीचा. दलालाशी फोनवर फार घासाघीस न करता त्याने तो घेतला. राजस्थानात डिझेल हरयाणापेक्षा महाग असते, म्हणून रेवाडीच्या पुढे हद्द संपण्याआधी टाकी गळ्यापर्यंत भरून घ्यायची, म्हणजे तीन-चारशे रुपये सुटतात, असे त्याने मला सांगितले. माझ्या चहाचे पैसेही त्यानेच दिले. मी आग्रह करीपर्यंत तो गाडीत चढला होता.