‘औषध काही चालू नाही’

गौरी उद्या यायच्या होत्या. दुकानात गर्दी. एक तिशीतली बाई काउंटरवर मोबाइल धरून उभी राहिली. त्यावर एका गोळीचा फोटो. “ताई, ही द्या ना, ब्लीडिंग थांबायची.” गोळी ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडची. चिठ्ठी नव्हती.

“दुसरं काही औषध चालू आहे?”

“छे, काहीच नाही.”

या उत्तरावर मी विश्वास ठेवत नाही. पाळीच्या गोळ्यांना आपल्या बायका औषधात धरतच नाहीत. म्हणून नाव घेऊन विचारलं, तेव्हा पर्समधून पाळी पुढे ढकलायच्या नॉरएथिस्टेरॉनचं अर्धं पाकीट निघालं. रोज तीन गोळ्या, तरी डाग लागत होते.

जखम झाली की रक्तात धाग्यांची जाळी विणली जाऊन गुठळी होते. काम झालं की प्लास्मिन नावाचा घटक ती विरघळवतो. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड हे विरघळणं रोखतं. नवी गुठळी करत नाही, झालेली टिकवतं. जपानच्या ओकामोतो दांपत्याने 1962 साली ते जगापुढे आणलं. बाळंतपणानंतर जास्त रक्तस्राव झाला आणि बाळंतपणापासून पहिल्या तीन तासांत ते दिलं, तर बाई वाचू शकते. औषध मोलाचंच आहे.

अडचण जोडीची आहे. नॉरएथिस्टेरॉनचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेन होतो, गर्भनिरोधक गोळ्यांत असतं तेच, आणि दिवसाला 15 मिलिग्रॅम पोटात जात असताना तो थोडाही मोजावा लागतो. इस्ट्रोजेनने रक्त गोठण्याकडे झुकतं. म्हणजे एक गोळी गुठळीला वाट करून देते, दुसरी तिला विरघळू देत नाही. बहुतेकींना काही होत नाही, डॉक्टरही कधी विचार करून दोन्ही देतात. पण आधी कधी पायात गुठळी झालेली, डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी उठणारी, वजन फार असलेली बाई असेल, तर हा निर्णय माझ्या काउंटरवर व्हायला नको. एकच पोटरी सुजून दुखली किंवा अचानक दम लागला, तर सण सोडून दवाखाना गाठायचा, हेही मी तिला सांगितलं. तिच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी संध्याकाळी तपासायला बोलावलं.

पाकीट पर्समध्ये ठेवताना ती थबकली. “यातल्या सहा गोळ्या मी जावेला दिल्यात. तिला पण पुढे ढकलायची होती.”

“ती काही घेते?”

“औषध नाही. पाळणा लांबवायच्या गोळ्या तेवढ्या.”

मी दुकानाचा फोन तिच्यापुढे सरकवला.