येडशीच्या अभयारण्याकडे कॅराव्हॅनने जाताना

अमेरिकेतील राज्य उद्यानांत मुक्कामाच्या गाडीसाठी अनेक ठिकाणी आरक्षित जागा आणि विजेची जोडणी मिळते. महाराष्ट्रानेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण स्वीकारले. तथापि, धाराशिव जिल्ह्यातील येडशी रामलिंग घाट अभयारण्याकडे निघताना तशी अपेक्षा बाळगू नये.

सुमारे २२ चौरस किलोमीटरचे हे वन १९९७ मध्ये अभयारण्य घोषित झाले. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यातील प्रवेश व मुक्काम परवानगीवर अवलंबून असतो. अभयारण्य धोक्यात येईल असा विस्तव पेटवणे वा जळता सोडणे हा गुन्हा ठरतो. म्हणून वन विभागाकडे आगाऊ चौकशी करावी. रात्री गाडी बाहेर, वाहनतळ असलेल्या निवासस्थानी उभी करावी आणि रामलिंग मंदिर व घाट दिवसा पाहावा.

जिल्हा अवर्षणप्रवण आहे. त्यामुळे पाण्याची टाकी निघतानाच भरून घ्यावी. सांडपाणी व कचरा मागे सोडू नये.

यवतमाळकडील टिपेश्वर अभयारण्यातून सुमारे ५०० किलोमीटर चालून आलेला वाघ २०२४ च्या अखेरीस याच वनात आढळला. एवढ्याशा रानाने त्याला आसरा दिला. आपल्या एका रात्रीच्या हौसेपायी तो मोडणार नाही, हे भान सहलीच्या आखणीतच असावे.