संध्याकाळी साडेसहाचं व्याख्यान

२८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन. पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या दारात नेहमीप्रमाणे रांग लागते. खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या पाहायला जुन्नर-नारायणगावच्या शाळा लोटतात. हे सगळं हवंच आहे. पण त्या दिवशीची गर्दी ओसरली की वर्षभर याच संस्थांमध्ये जे चालतं, त्याची शहराला खबर नसते, आणि माझं गाऱ्हाणं तिथे आहे.

२८ फेब्रुवारीला रामन परिणामाचा शोध लागला हे शाळेतल्या मुलांनाही पाठ आहे. रामन तिथवर कसे पोचले, हे कमी सांगितलं जातं. १९०७ साली ते कलकत्त्याला अर्थखात्यात अधिकारी म्हणून रुजू झाले, तेव्हा वय अवघं अठरा. बहूबाजार रस्त्यावर त्यांना एक पाटी दिसली: ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली देणग्या जमवून ही संस्था काढली होती. सामान्य माणसाला विज्ञानाची व्याख्यानं ऐकायला मिळावीत, हा त्यांचा ध्यास. रामन तिथे जाऊ लागले. कचेरीच्या आधी पहाटे आणि कचेरी सुटल्यावर रात्रीपर्यंत. दहा वर्षं त्यांनी नोकरी आणि संशोधन असं दोन्ही सांभाळलं. पुढचा शोध याच जागेत लागला, आणि त्याचं सविस्तर विवेचन त्यांनी केलं तेही एका व्याख्यानात, १६ मार्च १९२८ रोजी बंगळूरला. ती संस्था संध्याकाळी पाचला कुलूप लावणारी असती, तर त्या तरुण हिशेबनिसाचं काय झालं असतं?

आता आपल्याकडे पाहा. कोणत्याही संशोधन संस्थेच्या सूचनाफलकावर आठवड्याला चार-पाच कार्यक्रम सहज लागलेले असतात. सेमिनार त्या विषयातल्या मंडळींसाठी असतो, तिथे पहिल्या दहा मिनिटांनंतर बाहेरच्याचा पाय टिकत नाही. कलोक्वियमचं तसं नाही. ते सगळ्या संस्थेसाठी असतं, त्यामुळे जीवशास्त्रज्ञाला भौतिकीतलं कळेल असं बोलावं लागतं. मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेचं बुधवारचं कलोक्वियम यासाठीच नावाजलेलं आहे. विज्ञानाची थोडीफार गोडी असलेल्या पदवीधराने सुरुवात करावी ती इथून. शिवाय जाहीर व्याख्यानं असतात, आणि विद्यार्थ्यांनी स्वतः उभे केलेले उपक्रम. पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतली मुलं ‘मीमांसा’ ही देशभरातल्या महाविद्यालयांसाठीची स्पर्धा भरवतात. तिथे पाठांतर उपयोगी पडत नाही, प्रश्नाशी झटावं लागतं.

अडचण वेळेची आहे. बहुतेक व्याख्यानं दुपारी तीन-चारला. बँकेतला, शाळेतला, कारखान्यातला माणूस तेव्हा कामावर असतो. दुसरी अडचण भाषेची, आणि ती जास्त बोचरी आहे. व्याख्यान इंग्रजीत असायला हरकत नाही. पण प्रश्नोत्तरं सुरू झाली की सातारा-नांदेडहून आलेला, विषय नीट समजलेला विद्यार्थी इंग्रजी वाक्य मनात जुळवत बसतो, आणि तोवर माईक पुढे गेलेला असतो. अध्यक्षांनी सुरुवातीलाच ‘मराठीत विचारलं तरी चालेल’ एवढं म्हटलं तर किती हात वर होतील!

प्रश्नाचं मोल ओळखणारा माणूस आपल्यात होता. जयंत नारळीकर १९७२ साली केंब्रिजहून परतले, टीआयएफआरमध्ये काम केलं, १९८८ साली आयुका उभी केली आणि मे २०२५ मध्ये आपल्यातून गेले. व्याख्यानानंतर मुलं सहीसाठी वही पुढे करत, तेव्हा ते सही देत नसत. पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, म्हणत. उत्तर पाठवीन, त्याखाली माझी सही असेल. जगभर नाव असलेला खगोलशास्त्रज्ञ अनोळखी मुलांच्या कार्डांना स्वतः उत्तरं लिहीत होता. सही हवी तर आधी विचार करावा लागे, म्हणजे सहीच्या मोहातून कितीतरी मुलांनी आयुष्यातला पहिला खरा प्रश्न तयार केला असेल. विज्ञानप्रसाराची याहून चांगली युक्ती मला ठाऊक नाही. आयुकात महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी होणारी व्याख्यानं त्याच वृत्तीतून आली, आणि त्यांत मराठीलाही जागा मिळाली.

मोठ्यांसाठी असं काही करता येतं, हे टीआयएफआरने ‘चाय अँड व्हाय’मधून दाखवलं आहे. कुलाब्याची संस्था रविवारी सकाळी जुहूच्या पृथ्वी थिएटरात जाते, शास्त्रज्ञ चहाच्या घोटागणिक प्रश्न झेलतात. पहाऱ्याच्या फाटकातून लोक आत येत नसतील तर आपण बाहेर जावं, इतका सरळ विचार.

पुण्याला तर ही सवय नव्याने लावायची गरजच नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली, कलकत्त्याच्या त्या संस्थेच्याही एक वर्ष आधी. दिवसभराचं काम आटोपून व्याख्यानाला जाणं इथल्या माणसाच्या अंगवळणी पडलेलं आहे. गणेशखिंड आणि पाषाणच्या संस्थांनी महिन्यातून एक कलोक्वियम साडेसहाला ठेवावं, विषय मराठीत छापून गावातल्या ग्रंथालयांना आणि महाविद्यालयांना पाठवावा, आणि शेवटची वीस मिनिटं फक्त बाहेरून आलेल्यांच्या प्रश्नांसाठी राखावीत. जूनमध्ये नवं शैक्षणिक वर्ष सुरू होतं. तेव्हापासून करता येण्यासारखं आहे.