चाकं फिरली नाहीत, म्हणून…

क्लायंट मीटिंगहून आलेल्या कुठल्याही बिझनेस अ‍ॅनालिस्टला विचारा, 'रिक्वायरमेंट्स क्लिअर?' उत्तर ठरलेलं, 'एकदम!' मग टेस्टिंगच्या वेळी क्लायंट म्हणतो, 'अहो, हे काय सांगायला हवं? सगळ्यांना माहीतच असतं!' खरी गोम या 'माहीतच असतं'मध्ये आहे. ती किती महागात पडते, बघा.

१४ सप्टेंबर १९९३. लुफ्तान्साचं एअरबस ए-३२० विमान भर पावसात वॉर्सात उतरलं. चाकं साचलेल्या पाण्यावरून घसरत राहिली, नीट फिरेनात. दोन्ही बाजूंवर पुरेसा भारही लगेच पडला नाही. सॉफ्टवेअरच्या लेखी विमान अजून हवेतच! त्यामुळे वेग मारणारे स्पॉइलर आणि रिव्हर्स थ्रस्ट सुमारे ९ सेकंद अडले. विमान धावपट्टी संपवून पुढच्या बांधावर आदळलं, दोघांचा जीव गेला. वाऱ्याची चुकीची माहिती आणि जास्तीचा वेग हीही कारणं होतीच. पण प्रोग्रॅमने सांगितलं तेच केलं. (नियमही खुळा नव्हता. १९९१मध्ये लाउडा एअरचं बोइंग ७६७ हवेतच रिव्हर्स थ्रस्ट उघडल्याने थायलंडमध्ये कोसळलं होतं.)

'विमान जमिनीवर आहे' ही जगातली गोष्ट. 'चाकं फिरतायत' ही सेन्सरला दिसणारी. दोन्ही एकच, हे गृहीतक. पामेला झेव्ह आणि मायकल जॅक्सन (गायक नव्हे!) यांनी १९९७मध्ये हेच मांडलं: स्पेसिफिकेशनला जगाविषयीच्या ज्ञानाची जोड मिळाली, तरच रिक्वायरमेंट पूर्ण होते. म्हणून ते ज्ञानही लिहा. कोणत्या वस्तू, त्यांची नाती, त्यांचे नियम, सगळं मशीनला तपासता येईल अशा भाषेत. याला म्हणतात नॉलेज रिप्रेझेंटेशन. ग्रीनस्पॅन, मायलोपोलस आणि बोर्गिडा यांनी रिक्वायरमेंट्ससाठी त्याचा आग्रह १९८२मध्येच धरला होता. २००४पासून ओडब्ल्यूएल ही प्रमाणित भाषाही आहे. त्यात लिहिलेल्या विधानांमधला विरोध रीझनर शोधून देतो.

न लिहिलेलं मात्र त्याला कसं सापडणार? त्यावर बेल्जियमच्या व्हान लाम्सवेर्डे आणि लेटिए यांचा २०००मधला उपाय मला सगळ्यात कामाचा वाटतो: प्रत्येक गृहीतक उलटं करा आणि ते कधी खरं ठरेल, ते शोधा. तुमच्या बँकिंग अ‍ॅपचंच घ्या. 'एक मोबाइल नंबर म्हणजे एक ग्राहक.' उलटं करा: एका नंबरवर दोन ग्राहक. कधी? आजीच्या खात्याला नातवाचा नंबर असतो तेव्हा. आता सांगा, आजीचा ओटीपी कोणाकडे गेला?